बालकांचे सांधे आणि लशींचे युग

लशीचा इतिहास सांगण्याची एक रीत आता पडून गेली आहे. लस येण्यापूर्वी किती माणसे मरत, ती आल्यावर किती वाचली, एवढा हिशेब मांडला म्हणजे इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. देवी, घटसर्प, धनुर्वात ह्या रोगांपुरता तो हिशेब खराही आहे. परंतु रोग माणसाला मारतो त्याप्रमाणेच त्याला अधू करूनही सोडतो. मेलेल्याची नोंद गावच्या दफ्तरात होते. लंगडणाऱ्याची नोंद बहुधा त्याच्या चालीतच राहून जाते. म्हणून ह्या व्याख्यानात आम्ही लशीचा इतिहास मृत्यूच्या अंगाने न सांगता सांध्याच्या अंगाने सांगणार आहोत. लहान लेकराच्या खुब्यात, गुडघ्यात किंवा कोपरात जंतू शिरून तेथे पू होतो, तो रोग आमचा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लशीने सांध्याचे काही शत्रू निःसंशय हद्दपार केले. परंतु सांध्याचे भय संपवले नाही, त्याचे रूप पालटले. हे पालटलेले रूप आपण ओळखले नाही, तर लसीकरणाचे कार्ड पूर्ण भरलेले लेकरूही जन्माचे अधू होऊ शकते. ही गोष्ट आम्ही वाशीम जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून सांगत आहोत. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, सोयाबीन आणि तुरीची शेते, बंजारा समाजाचे तांडे, हंगामात मजुरीसाठी परगावी जाणारी कुटुंबे आणि मोठे रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात, ही ह्या मुलखाची परिस्थिती. ज्या रोगात दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब चालतो, त्या रोगाची खरी परीक्षा अशाच मुलखात होते.

रोग कोणता, आणि तो इतका निर्दय का

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. सांध्याच्या आतून एक नाजूक अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असून रक्त आणि सांधा ह्यांमध्ये भक्कम आडपडदा नसतो. कानातून, घशातून, त्वचेवरच्या एखाद्या फोडातून जंतू रक्तात उतरले, म्हणजे ते वाहत वाहत ह्या अस्तराशी येतात आणि तेथे ठाण मांडतात. शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर चालून जातात. पण ह्या लढाईत दोन्ही बाजूंनी जी द्रव्ये सुटतात त्यांत हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा विरघळू लागते. हे काम काही तासांतच सुरू होते. एकदा झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत आणखी एक संकट असते. साधारण दीड वर्षाच्या आत हाडातील काही रक्तवाहिन्या वाढीची चकती ओलांडून थेट हाडाच्या टोकापर्यंत गेलेल्या असतात. त्यामुळे हाडातला पू सांध्यात आणि सांध्यातला पू वाढीच्या चकतीत सहज पोचतो. खुबा तर सर्वांत दुर्दैवी. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आवरणातच असल्याने हाडात झालेला पू सरळ सांध्यात फुटतो. पू साठून आतला दाब वाढला म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा मरतो. वर्षाच्या आतल्या मुलाचा गोळा गेला, तर तो पाय आखूड राहतो आणि माणूस जन्मभर झोकांड्या देत चालतो.

लक्षणे मात्र फार साधी. लेकराला ताप येतो, ते दूध पिईनासे होते, एक पाय हलवीत नाही, आणि दुपटे बदलताना किंवा न्हाऊ घालताना तो पाय हलला की किंचाळते. थोडे मोठे मूल असेल तर ते काल चालत होते आणि आज पाय टेकवीत नाही. घरची माणसे म्हणतात, लचक भरली. पडले असेल कोठेतरी. मग तेल लावून पाय चोळला जातो, हाडवैद्याकडून ओढून घेतला जातो, बिब्बा घातला जातो, लेप बसतो. ह्या उपायांमागे माया असते ह्यात शंका नाही. पण दोन-तीन दिवस त्यात जातात, आणि नेमके तेच दिवस सांध्याला वाचवण्याचे असतात.

जुन्या वैद्यकापासून पाश्चरपर्यंत

हा रोग नवा नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या काळच्या वैद्यांपुढे जी संहिता प्रमाण होती त्या सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणी क्रोष्टुकशीर्ष नावाचा विकार आला आहे. क्रोष्टु म्हणजे कोल्हा. गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि अतिशय ठणकतो, म्हणून हे नाव. आजचे अनेक वैद्य ह्या वर्णनात पू झालेला गुडघा ओळखतात. सुश्रुताचे कच्च्या-पक्व विद्रधीचे विवेचन आणि पिकलेला विद्रधी शस्त्राने मोकळा करण्याचा त्याचा आग्रह पाहिला, म्हणजे साठलेल्या पुवाला वाट दिली पाहिजे हे तत्त्व आपल्याकडे किती जुने आहे हे ध्यानात येते. पुढे शस्त्र मागे पडले आणि चोळणे व डागणे पुढे आले.

युरोपात ह्या रोगाचे स्पष्ट चित्र १८७४ साली उमटले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद थॉमस स्मिथ ह्यांनी तान्ह्या मुलांच्या तीव्र संधिशोथावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात २१ बालकांची हकीकत होती. त्यांतील १३ दगावली. जी वाचली त्यांपैकी काहींच्या खुब्यातील गोळा नाहीसा झाला होता. आजही शल्यविशारद अशा खुब्याला टॉम स्मिथचे नाव देतात.

पाठोपाठ १८८० साली लुई पाश्चर ह्यांनी हाडातल्या पुवात तेच जंतू पाहिले जे त्यांना केसतोडीच्या पुवात सापडले होते, आणि हाडाचा हा रोग म्हणजे मगजातली केसतोडच होय असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास स्कॉटलंडचे अलेक्झांडर ऑगस्टन ह्यांनी ह्या द्राक्षांच्या घोसासारख्या दिसणाऱ्या जंतूंना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. ज्या पाश्चरांनी लस हा शब्द देवीपुरता न ठेवता सर्व रोगांसाठी खुला केला, त्यांनीच हाडातला हा जंतू पाहावा, आणि त्याच जंतूवर आज एकशेचाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी लस नसावी, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक चमत्कारिक योग आहे. ह्या जंतूकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

देवीचे कोपर

लस आणि सांधा ह्यांचा आपल्या देशातला पहिला संबंध देवीच्या निमित्ताने आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली ती लस हिंदुस्थानात लागलेली पहिली लस होय. तिच्या दंडापासून पुढे लस हातोहात देशभर गेली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. बासीम हा पुढे स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ साली मोडला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम ह्या नावाने पुन्हा जिल्हा बनला. ह्या अवधीत गावोगाव हिंडून देवी काढणाऱ्या माणसाला लोक देवीडॉक्टर म्हणत, आणि त्याने दंडावर उठवलेले वण म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर अजूनही दिसतात.

देवीने चेहरा विद्रूप होतो, डोळा जातो, हे सर्वांना ठाऊक होते. ती लहान मुलांचे सांधेही खात असे, ही गोष्ट मात्र मागे पडली. देवीतून उठलेल्या काही मुलांची कोपरे, बहुधा दोन्ही, सुजत आणि पुढे वेडीवाकडी होऊन राहत. १८९३ साली चियारी ह्यांनी देवीतील अस्थिशोथाचे वर्णन केले. हे काम मुख्यतः देवीच्याच विषाणूचे असे. पण फुटलेल्या फोडांतून पुवाचे जंतू आत शिरून सांध्यात बसत तेही वेगळेच. १९७५ साली देशातली अखेरची देवीची केस झाली, १९८० साली जगाने देवीचा अंत जाहीर केला, आणि वाकड्या कोपरांची ती पिढी हळूहळू नाहीशी झाली. सांध्याला लशीने दिलेले हे पहिले दान होय. ते मागताही आले नव्हते आणि मिळाल्यावर कोणी त्याची पावतीही दिली नाही.

येथे एक उलट बाजूही नोंदली पाहिजे, कारण इतिहासाने एकाच पारड्यात वजन टाकू नये. हाडा-सांध्याचा क्षय हा पुवाच्या रोगाचा मंदगती भाऊ. त्यात महिनेच्या महिने जातात, सांधा सुजतो, नासूर वाहू लागतो. आपल्या देशात १९४८ पासून बीसीजीची लस सुरू झाली आणि १९५१ पासून तिची मोठी मोहीम निघाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती आवर घालू शकली नाही, हे पुढे चिंगलपेट येथील प्रयोगात दिसून आले. पण तान्ह्या मुलांना क्षयाच्या सर्वांगात पसरणाऱ्या प्रकारापासून आणि मेंदूच्या क्षयापासून ती सांभाळते. उलट स्वीडन व फिनलंड ह्या देशांत १९७० च्या दशकात बीसीजीच्याच जंतूने क्वचित मुलांच्या हाडात विकार केल्याचे आढळले. तेथे क्षय मागे हटला होता, म्हणून तो तोटा डोळ्यांत भरला. लशीचा विचार देश आणि काळ पाहून करावा लागतो, तो असा.

पेनिसिलीन, आणि पोलिओची सावली

शस्त्राने पू काढणे एवढाच उपाय होता तोवर सांध्याच्या पुवाने मूल वाचेल की नाही हाच प्रश्न असे. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले आणि प्रश्न बदलला. मूल वाचू लागले, आता सांधा वाचेल काय हे विचारता येऊ लागले. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी त्यातून पेनिसिलीन निघू लागले. परंतु जंतूही स्वस्थ बसले नाहीत. १९४० चे दशक सरण्यापूर्वीच लंडनच्या रुग्णालयांत पेनिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस वाढले होते. त्यांच्यासाठी मेथिसिलीन आणले, तर त्यालाही न जुमानणारे जंतू १९६१ साली इंग्लंडातच सापडले.

ह्याच काळात सांध्याच्या पुवावर दुसऱ्याच एका रोगाची सावली पडली होती. ती पोलिओची. पोलिओतही मुलाला ताप येतो आणि पाय हलेनासा होतो. पू झालेल्या खुब्यातही ताप येतो आणि मूल पाय हलवीत नाही. पहिल्यात स्नायूची शक्ती गेलेली असते, दुसऱ्यात शक्ती असून वेदनेने मूल पाय हलू देत नाही. ज्या गावात पोलिओने लंगडी झालेली दोन-चार माणसे समोर दिसत असत, त्या गावात तिसऱ्या लंगड्या पायाची चौकशी कोण करणार? पोलिओ म्हटले की उपाय खुंटला. आणि खुब्याचा पू मात्र असा रोग की त्यावर पहिल्या दिवसांत उपाय होता.

१९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९० च्या सुमारास देशातील सर्व जिल्ह्यांत पोचला. वाशीमचे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९९७ पासून पोलिओच्या शोधासाठी, पंधरा वर्षांखालील ज्या मुलाचा हात-पाय अकस्मात लुळा पडेल त्याची तपासणी करण्याची पद्धत देशभर सुरू झाली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातील हावडा येथे नैसर्गिक पोलिओची अखेरची केस झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ह्याचा सांध्याच्या इतिहासातला अर्थ असा की, ह्यानंतर तापाने आजारी पडून पाय न हलवणाऱ्या लेकराला पोलिओचे नाव देऊन मोकळे होण्याची सोय राहिली नाही. सावली हटली आणि मूळ वस्तू दिसू लागली. पण पाहण्याची सवय आपल्याला लागली काय, हा प्रश्न उरतोच.

एका जंतूची हद्दपारी

आता आम्ही आमच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. १८९२ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर ह्यांना एक जंतू सापडला आणि तोच साथीचे कारण असे त्यांना वाटले. कारण तो नव्हता, पण हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नाव त्याला कायमचे चिकटले. १९३१ साली मार्गारेट पिटमन ह्यांनी दाखवले की ह्या जंतूच्या काही प्रकारांभोवती शर्करेचे कवच असते, आणि मुलांचा घात करणारा प्रकार मुख्यतः ‘ब’ हा होय. ह्यालाच आज हिब म्हणतात. मेंदूचे आवरण, घसा, फुप्फुस ह्यांबरोबर तो सांध्यातही जातो. अमेरिकेच्या नोंदींनुसार हिबने रक्तात शिरून केलेल्या दर शंभर आजारांत सुमारे आठ सांध्याचे असत. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सांध्यात पू झाला, तर पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर प्रथम ह्याचेच नाव घेत.

ह्या शर्करेच्या कवचाची लस करण्यात एक विचित्र अडचण होती. दोन वर्षांच्या आतील बालकाचे शरीर ह्या शर्करेला ओळखतच नाही, आणि रोग तर त्याच वयात होतो. मग शास्त्रज्ञांनी एक व्यवहारी युक्ती केली. परक्या माणसाला घरात कोणी विचारीत नाही, पण तो ओळखीच्या पाहुण्याचा हात धरून आला तर लक्षात राहतो. त्याप्रमाणे ही शर्करा शरीराच्या ओळखीच्या प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, जोडून दिली. असा जोड देता येतो हे १९२९ सालीच दिसून आले होते. जॉन रॉबिन्स, रेचेल श्नीरसन, पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ ह्यांनी त्यातून मुलांसाठी लस घडवली. १९८७ साली अमेरिकेत ही जोडलस मान्य झाली आणि १९९० पासून तान्ह्या मुलांना मिळू लागली. पूर्वी त्या देशात पाच वर्षांखालील सुमारे २०,००० मुलांना दरसाल हिबचे गंभीर आजार होत. ते शेकडा नव्याण्णवांहून अधिक घटले. फिनलंडमध्ये हेइक्की पेल्टोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की लशीनंतर मुलांच्या सांध्यातून हिब नाहीसा झाला, आणि त्यामुळे ह्या रोगाचे एकूण प्रमाणही खाली आले.

आपल्या देशात मात्र हिब येथे आहे की नाही ह्यावरच वाद झाला. सहा शहरांच्या रुग्णालयांत, ज्यांत आपल्या विदर्भातील नागपूरही होते, १९९३ ते १९९७ ह्या काळात सुमारे ५,८०० रुग्णांची तपासणी झाली. त्यांतील १२५ जणांत हा जंतू मिळाला, आणि मिळालेले बहुतेक सर्व ‘ब’ प्रकारचे निघाले. आकडा लहान वाटेल. पण रुग्णालयात येईपर्यंत मुलाच्या पोटात कोठले ना कोठले जंतुनाशक औषध गेलेले असते आणि मग जंतू परीक्षानळीत वाढत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. अखेर डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तामिळनाडू ह्या राज्यांत पाच रोगांवरची एकत्रित पेंटाव्हॅलंट लस सुरू झाली. महाराष्ट्राची पाळी शेवटच्या टप्प्यात, २०१५ साली आली. न्यूमोकोकस ह्या जंतूवरची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ साली देशभर आली. त्या सुमारास पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोकोकसची पहिली भारतीय लसही तयार केली होती. पाश्चात्त्य बालकाला १९९० साली मिळालेले हिबपासूनचे संरक्षण वाशीमच्या बालकाला पंचवीस वर्षांनी मिळाले. आज दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या मुलाला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात ते फुकट मिळते.

शत्रू गेला, राज्य दुसऱ्याने घेतले

हिब गेल्यावर सांध्याचे राज्य कोणाकडे गेले? पाश्चात्त्य देशांत एक अनपेक्षित वारस पुढे आला. इस्रायलमधील पाब्लो यागुप्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली सांध्यातले पाणी नेहमीच्या थाळीवर न टाकता रक्तपरीक्षेच्या बाटलीत घातले, आणि लहान मुलांच्या सांध्यांत वारंवार किंगेला किंगी नावाचा जंतू सापडू लागला. सहा महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या घशात तो राहतो. तो काही नव्याने जन्मलेला नव्हता. पाहण्याची रीत बदलली म्हणून तो दिसला. एलिझाबेथ किंग ह्या बाईंच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचा आजार सौम्य असतो, ताप बेताचा असतो, आणि म्हणूनच तो हुकतो.

आपल्याकडे सांध्याच्या पुवाचा पहिला मान पूर्वीही स्टॅफिलोकोकसकडे होता आणि आजही त्याच्याकडेच आहे. ज्याला पाश्चरांनी मगजातली केसतोड म्हटले, तो हा जंतू. तो कोठल्या परदेशातून येत नाही. आपल्या नाकात आणि त्वचेवर राहतो. खरजेने खाजवलेले अंग, चिघळलेले फोड, कांजिण्यांच्या खपल्या, ही त्याची द्वारे. ह्याच्यावर लस करण्याचे एकाहून अधिक मोठे प्रयत्न झाले आणि फसले. शिवाय मेथिसिलीनला न जुमानणारा त्याचा प्रकार आता रुग्णालयाच्या भिंती ओलांडून घराघरांत आला आहे. १९९९ साली अमेरिकेत अशा जंतूने चार मुले दगावल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील कोणाचाही रुग्णालयाशी पूर्वसंबंध नव्हता.

आणि सर्वांत असहाय वय तर लशीच्या आधीचे. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात. पण नवजात अर्भकाला नाळेतून, सुईतून, अस्वच्छ हातातून जंतूंची बाधा पहिल्याच महिन्यात होते, आणि तिचा एक फाटा सांध्यात जातो. तेथे लस नव्हे, स्वच्छता आणि शोधक नजर हाच उपाय. ह्याचा धडा विदर्भानेच जगाला दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच स्त्रियांना अर्भकाचा जंतुदोष ओळखण्याचे व घरी उपचार करण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात नवजात मृत्यूंत शेकडा ६२ घट दिसली. पुढे देशभर आशाताई अर्भकाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या, त्याचे मूळ येथे आहे. अर्भकाचे श्वास मोजणाऱ्या आशाताईने त्याचे चारही हात-पाय सारखे हलतात की नाही एवढे पाहिले, तर ह्या इतिहासात एक नवे पान जोडले जाईल.

सुईचा पाय आणि सांध्याचा पाय

लशींच्या युगाने एक नवा घोटाळाही निर्माण केला आहे. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत टोचतात, न्यूमोकोकसची लस उजव्या मांडीत. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, मूल पाय कमी हलवते. हे अपेक्षित आहे आणि आपोआप ओसरते. पण योगायोगाने त्याच आठवड्यात मुलाच्या खुब्यात किंवा गुडघ्यात पू होऊ लागला, तर घरची माणसे म्हणणार, सुईने झाले. आणि कधी तपासणाराही तेच म्हणणार. ह्यातून दोन अनर्थ होतात. सांध्याला मिळावयाचा वेळ जातो, आणि ज्या लशीने सांध्याचा एक शत्रू हाकलला तिच्यावरच लंगडेपणाचा आळ येतो. एक आळ एका तांड्यावर पसरला की पुढल्या वर्षी दहा मुलांची टोचणी चुकते.

हा घोटाळा सोडवण्याची खूण फार अवघड नाही. सुईचा त्रास मांडीच्या मधोमध, टोचलेल्या जागी असतो आणि दिवसागणिक उतरतो. सांध्याचा त्रास वर खुब्यात किंवा खाली गुडघ्यात असतो आणि दिवसागणिक चढतो. दोन दिवसांनंतरही ताप असेल, पाय हलत नसेल, सांधा हलवताच लेकरू किंचाळत असेल, तर ती सुई नव्हे. मोठ्या मुलांसाठी बॉस्टन येथे १९९९ साली चार खुणा ठरवल्या गेल्या: ताप, पाय न टेकणे, आणि रक्ताच्या दोन तपासण्यांतील वाढ. चारांपैकी पहिल्या दोन खुणांना प्रयोगशाळा लागत नाही. त्या आईच्या डोळ्यांना दिसतात.

उपचारही आज पूर्वीइतका दीर्घ राहिलेला नाही. सुईने सांध्यातले पाणी काढून तपासावे, पू असेल तर सांधा उघडून धुवावा, आणि लगेच योग्य औषध शिरेतून द्यावे. खुब्यात तर विलंब मुळीच चालत नाही. फिनलंडमध्ये २००९ साली असे दिसले की वेळेवर उपचार सुरू झाले, तर एरवी निरोगी मुलाला दहा दिवसांचे औषध तीस दिवसांइतकेच गुणकारी ठरते. तेथे औषधाला न जुमानणारे जंतू कमी आहेत, म्हणून तो नियम येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु त्यातला ‘वेळेवर’ हा शब्द सर्वत्र सारखाच खरा आहे. चार-पाच दिवस उलटून गेल्यावर उत्तम शल्यविशारदही गेलेली कूर्चा परत आणू शकत नाही.

अंतर आणि वेळ

ह्या दृष्टीने वाशीमचा नकाशा पाहावा. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, यवतमाळचे १९८९ चे, अकोल्याचे २००२ चे. ही वर्षे म्हणजे वाशीमच्या आजारी लेकराचा प्रवास हळूहळू कसा आखूड होत गेला ह्याची नोंद आहे. तरीही अकोला वाशीम शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यापासून त्याहून दूर. २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव आले आणि बालकांचे पूर्ण लसीकरण हे त्या यादीतील प्रगतीचे एक माप ठरले. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला, तो ह्याच जिल्ह्यातून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या स्वतःच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. रस्ता झाला, वाहन झाले, महाविद्यालयही झाले. आता सर्वांत लांब उरलेले अंतर म्हणजे ‘लचक भरली असेल’ ह्या वाक्यापासून ‘दवाखान्यात चला’ ह्या वाक्यापर्यंतचे.

लसीकरणाच्या कार्डावर जितके चौकोन भरले तितके शत्रू मागे हटले, हे आम्ही वर सांगितले आहे. तो चौकोन एकाही लेकराचा रिकामा राहू नये. परगावी मजुरीला गेलेल्या कुटुंबाचाही नाही. पण कार्ड भरले म्हणजे सांधा सुरक्षित झाला, असा अर्थ कोणी काढू नये. देवी गेली, पोलिओ गेला, हिब मागे हटला. घरातल्या नाकातोंडात राहणारा जुना शेजारी मात्र जेथल्या तेथे आहे, आणि त्याच्यासाठी कार्डावर चौकोन नाही. त्याच्याशी झुंजण्याचे साधन पूर्वीपासून एकच आहे: त्याने सांध्यात घर करण्यापूर्वी त्याला गाठणे. तापलेले लेकरू पाय टेकीत नसेल, तर त्याचा पाय चोळू नये, ओढू नये, त्यावर बिब्बा घालू नये. त्याला उचलावे आणि त्याच दिवशी रुग्णालयाची वाट धरावी.